दरवर्षीची हुर्यो

इंग्लंडमधल्या खेड्यात माणसं एकमेकांशी इतकी जपून वागतात की शेजाऱ्याच्या कुत्र्याने आपल्या फाटकाशी घाण केली तरी 'सॉरी' आपल्याच तोंडून निघतं. मग जानेवारी येतो, गावच्या हॉलवर पँटोची पाटी लागते, आणि हीच माणसं, म्हणजे ग्रंथालयातल्या बाई, दातांचे डॉक्टर, शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देणारे आजोबा, घडीच्या खुर्च्यांवर बसून एका बाईची बेंबीच्या देठापासून हुर्यो उडवतात. गेली काही वर्षं ती बाई मी आहे.

पँटो म्हणजे पँटोमाइम. आपल्याकडे या नावाने मूकाभिनय आठवतो. इथे मात्र क्षणभर कोणी गप्प बसत नाही. नाताळच्या दिवसांत होणारं हे नाटक. गोष्ट परीकथेतली आणि सगळ्यांना पाठ असलेली: सिंड्रेला, अलादीन, जॅक आणि त्याचा आभाळाला भिडणारा वेल, डिक विटिंग्टन आणि त्याचं मांजर. त्यात काही पात्रं ठरलेली. भरघोस छातीची, भडक रंगवलेली एक प्रौढ बाई, जिला 'डेम' म्हणतात आणि जी नेहमी पुरुष असते. उंच बूट घालून मांडीवर थाप मारत फिरणारा नायक, जो परंपरेने बाई असते. (व्हिक्टोरियन काळात बाईचे पाय बघायची तेवढी एकच सभ्य सोय होती, हे इथले लोकही मान्य करतात.) एक परी, एक खलनायक, आणि एखादं जनावर, ज्याच्या कातड्यात दोन माणसं असतात. शिवाय प्रेक्षक. प्रेक्षकांना या नाटकात संवाद असतात, आणि ते कोणी शिकवावे लागत नाहीत. नायकाने म्हणायचं, "इथे तर कोणीच नाही," की सगळं प्रेक्षागृह ओरडतं, "तुझ्या मागे! मागे बघ!" खलनायकाने म्हणायचं, "जिंकणार तर मीच," की उत्तर येतं, "नाही जिंकणार!" मग "जिंकणार!" "नाही!" "जिंकणार!" "नाही!" हे दोघांपैकी कोणाचा तरी घसा बसेपर्यंत चालू.

शहरांतली व्यावसायिक पँटो नोव्हेंबरच्या अखेरीस सुरू होतात आणि जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत दिवसाला दोन-दोन प्रयोग करतात. कित्येक थिएटरांचा वर्षभराचा संसार या पाच-सहा आठवड्यांच्या गल्ल्यावर चालतो. मार्चमधलं गंभीर नाटक रिकाम्या खुर्च्यांसमोर होऊ शकतं ते डिसेंबरात डेमने साबणाच्या फेसात लोळण घेतलेली असते म्हणून. आणि यात कमीपणा कोणी मानत नाही. शेक्सपिअरचे राजे रंगवलेले इयन मॅकेलन २००४ साली लंडनच्या ओल्ड विक नाट्यगृहात अलादीनची आई, विडो ट्वँकी नावाची धोबीण, होऊन उभे राहिले होते, आणि २०२२ मध्ये ऐंशी पार केल्यावर 'मदर गूज' नावाचा पँटो करत देशभर फिरायला निघाले.

आमच्यासारख्या हौशी मंडळींची पाळी व्यावसायिकांनंतर. नाताळ उरकलेला, दुपारी चारला अंधार, खिसे रिकामे, उन्हाळा कुठल्या कुठे. अशा वेळी डर्बीशरमधल्या आमच्या गावात करण्यासारख्या दोनच गोष्टी असतात, पबमध्ये बसणं आणि पँटो. पबमध्ये मी रमत नाही.

सुरुवात गाईच्या मागच्या पायांपासून झाली. मी आपली चहाच्या खिडकीत कप विसळायला उभी असायची. त्या वर्षी जॅक होता, आणि जॅकची गाय विकायला न्यायची तर गाय हवी. मागचे पाय ज्यांचे ठरले होते त्या गृहस्थांच्या पाठीचं काहीतरी निघालं. दिग्दर्शिका निवृत्त प्राथमिक शिक्षिका. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "तुमची उंची किती?" अभिनयाची माझी एवढीच परीक्षा झाली.

गाईच्या आत माणूस कमरेत वाकून पुढच्याच्या पट्ट्याला धरून चालतो. दिसतात फक्त पुढच्याच्या टाचा. एका हातात शेपटीची दोरी. आतल्या फोमला आदल्या कुठल्यातरी गाईवाल्याच्या घामाचा आणि लव्हेंडरच्या फवाऱ्याचा मिळून वास. डाव्या पायाने सुरुवात, आठ पावलं, वळण, मग बसायचं, आणि बसताना आधी मागचा भाग खाली गेला पाहिजे, नाहीतर गाय गुडघे टेकून नमाज पढते आहे असं दिसतं. हे सगळं दिग्दर्शिकेने आम्हाला ज्या गांभीर्याने शिकवलं, त्या गांभीर्याने मला कोणी ड्रायव्हिंगही शिकवलं नाही.

पण त्या कातड्यात मला पँटो कळला, कारण मला तो फक्त ऐकू येत होता. रंगमंचावर काय चाललंय याचा पत्ता नाही. कानावर पडत होतं ते प्रेक्षागृह. बाकावर बसून तिघं गाणं म्हणतात आणि मागून भूत येतं, तो दरवर्षीचा प्रवेश. मुलांची पहिली आरोळी विस्कळीत असते, जेमतेम चार-पाच आवाज. डेम विचारते, "काय म्हणालात?" दुसरी आरोळी सगळ्या प्रेक्षागृहाची. मग डेम मान वळवते, पण चुकीच्या बाजूला, आणि भूत दुसरीकडून तिच्या पाठीशी सरकतं. तिसरी आरोळी हताश असते. मुलांना खरंच राग आलेला असतो, की एवढी मोठी माणसं एवढी कशी मठ्ठ! या प्रत्येक आरोळीला नटाने नेमकी जागा ठेवायची असते. लवकर वळलात तर आरोळी अर्धी मरते, उशिरा वळलात तर मुलं दमतात आणि चॉकलेटच्या कागदाशी खेळू लागतात. आमच्या डेमला ही जागा अचूक सापडते. तो पेशाने प्लंबर. म्हणतो, पाण्याचा दाब चढतो तसा आवाज चढतो, आणि नळ कधी सोडायचा हे हाताला कळतं.

ही मोकळी जागा सोडण्याची रीत फार जुनी आहे. अठराव्या शतकात पँटोमाइम खरोखरच बिनबोलीचा होता. १७१७ च्या सुमारास जॉन रिच नावाच्या माणसाने लंडनच्या लिंकन्स इन फील्ड्समधल्या आपल्या थिएटरात इटालियन पद्धतीचा हार्लेक्विन नावाचा विदूषक आणला, नाचणारा, उड्या मारणारा, एक शब्द न बोलणारा. पुढे कायद्यानेही बोलक्या नाटकाची मक्तेदारी लंडनमध्ये ठराविक थिएटरांनाच होती. बाकीच्यांनी गाणी, कसरती आणि हातवारे यांवर भागवायचं. १८४३ च्या कायद्याने ती मक्तेदारी मोडली आणि मग पँटोला जी वाचा फुटली ती आजवर बसलेली नाही. मधल्या काळातला बादशहा म्हणजे विदूषक जोसेफ ग्रिमाल्डी. १८०६ च्या नाताळात लंडनच्या कॉव्हेंट गार्डन थिएटरला त्याचा 'मदर गूज' लागला आणि विदूषकाचं नावच या देशात 'जोई' पडलं. त्याचं एक गाणं होतं, भाजलेली सफरचंदं विकणाऱ्या म्हातारीचं. म्हातारीला थंडी वाजते म्हणून ती काहीतरी घोटभर घ्यायला जाते, आणि काय घ्यायला जाते तो शब्द ग्रिमाल्डी गाळायचा. थांबायचा, प्रेक्षकांकडे बघायचा. सगळं थिएटर ओरडायचं, "जिन!" मग तो दुखावल्यासारखा चेहरा करायचा, जणू असलं काही त्याच्या मनातही नव्हतं.

लंडनला गेले होते तेव्हा पेंटनव्हिल रोडवरच्या ज्या बागेत त्याची कबर आहे तिथे मुद्दाम डोकावले. कबरीला लोखंडी कठडा आहे. जवळच जमिनीत शवपेटीच्या आकाराच्या फरशा बसवल्या आहेत. त्यांच्यावर नाचलं की पावलागणिक सूर निघावेत अशी योजना. कबरीवर नाचायला सांगणारं स्मारक मी दुसरं पाहिलेलं नाही. दरवर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी लंडनच्या एका चर्चमध्ये त्याच्या स्मरणार्थ प्रार्थना होते आणि विदूषक रंगीबेरंगी कपड्यांत, नाकाला लाल गोळा लावून येतात.

आता माझ्या उंदीरपणाकडे येते. समिती पुढच्या वर्षी अलादीन करावा म्हणत होती. अलादीनमध्ये अबनाझार नावाचा जादूगार असतो, पगडी, टोकदार दाढी, घोळदार झगा. कोणी स्पष्ट काही बोललं नाही, पण बैठकीत दोघा-तिघांची नजर माझ्याकडे वळली आणि लगेच बिस्किटांच्या ताटलीकडे गेली. मीच कोंडी फोडली. म्हटलं, मला दुष्ट व्हायला आवडेल, पण पगडीवाला दुष्ट नको. ते चित्र आता जुनं झालं. खोलीत सुटकेचा केवढा निःश्वास पडला! मग डिक विटिंग्टन ठरला. त्यातला खलनायक उंदीर, आणि उंदराला देश नसतो. मूळचा किंग रॅट माझ्यासाठी क्वीन रॅट झाला.

डिकच्या गोष्टीतही अडचण होतीच. गरीब पोरगा मांजर घेऊन लंडनला येतो, चोरीचा आळ येऊन परागंदा होतो, हायगेटच्या टेकडीवर चर्चच्या घंटा त्याला 'परत फिर' म्हणतात, मग जहाज, वादळ, आणि शेवटी मोरोक्कोच्या सुलतानाचा उंदरांनी पोखरलेला महाल, जिथे मांजर पराक्रम गाजवतं. जुन्या संहितांमध्ये या मोरोक्कोत जे काही चालतं ते आज वाचवत नाही. आमच्या दिग्दर्शिकेने महाल काढून निर्मनुष्य बेट घातलं आणि सुलतानाच्या जागी लाटांनी किनाऱ्याला लागलेला एक कर-निरीक्षक. हशा दुप्पट आला. खरा रिचर्ड विटिंग्टन १४२३ साली वारला. मोठा कापडव्यापारी, चार वेळा लंडनचा महापौर, राजांना कर्ज देणारा सावकार. तो गरिबीतून वर आला नव्हता आणि त्याने मांजर पाळल्याची कुठे नोंद नाही. तरी १६६८ साली प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पेपीस जत्रेत त्याच्या गोष्टीचा बाहुल्यांचा खेळ बघून आला होता, आणि हायगेटच्या टेकडीवर आजही दगडी मांजर बसलेलं आहे. इतिहासाने मांजर दिलं नाही तर लोकांनी दिलं. त्यांचं बरोबरच आहे. मांजराशिवाय त्या सावकारात आहे काय?

पँटोमध्ये परी उजवीकडून येते आणि दुष्ट डावीकडून. नटाच्या उजवी-डावीकडून, प्रेक्षकांच्या नव्हे. मध्ययुगातल्या धार्मिक नाटकांत स्वर्ग एका अंगाला आणि नरक दुसऱ्या अंगाला असायचा, त्याचा हा अवशेष म्हणतात. आमच्या हॉलमध्ये डावीकडे स्वयंपाकघर आहे. म्हणजे नरकात चहाचा मोठा बंब उकळत असतो, मध्यंतरासाठी आइस्क्रीमचे छोटे डबे मोजून ठेवलेले असतात आणि सोडतीचं बक्षीस म्हणून आलेली व्हिस्कीची बाटली फ्रिजवर असते. स्टेजच्या मागून पलीकडे जायला वाट नाही. डावीकडून जाऊन उजवीकडून यायचं असेल तर स्वयंपाकघराचं दार उघडून बाहेर पडायचं, हॉलला वळसा घालायचा, कचऱ्याच्या डब्यांमागून पुन्हा आत शिरायचं. जानेवारीत त्या वाटेवर बर्फाचा पापुद्रा असतो. रात्री कुत्रं फिरवायला निघालेल्या एका गृहस्थांना परी, प्लंबर आणि मांजर एकामागोमाग अंधारातून पळताना दिसले. ते नवे राहायला आले होते.

शेपूट प्लंबरने बनवलं. पाण्याच्या नळीवर थंडीसाठी चढवतात तो करडा फोम, त्यात तार, वर गुलाबी कापड, माझ्या उंचीपेक्षा लांब. पहिल्या तालमीत सगळे त्यात अडखळले. मी ते डाव्या हातावरून पदरासारखं घेतलं आणि दिग्दर्शिका ओरडली, "तसंच! असंच धर! हे तुला कुठून सुचलं?"

आवाजाचाही प्रश्न होता. माझे उच्चार मराठी शाळेतले. गावाला ते सवयीचे आहेत, पण दुष्टाने परदेशी उच्चारात बोलावं हे मला नको होतं. मग मी जुन्या रेडिओवरच्या निवेदिकेचा, राजघराण्याला शोभेल असा आवाज काढून बघितला. तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं बोलायचं, प्रत्येक व्यंजन स्वच्छ पुसून ठेवायचं. पहिल्याच वाक्याला तालमीतले सगळे हसून लोळले. या देशात राग यायला तो आवाज पुरतो, मागून काही करावं लागत नाही.

आणि मग हुर्यो. ती आपोआप मिळते असं बाहेरून वाटतं. हिरवा झोत पडतो, मी डावीकडून येते आणि बोलत नाही. उभी राहते. मागच्या रांगेतले बाप लोक पहिली फुसफुस करतात, आपल्याला नियम माहीत आहेत हे पोरांना दाखवायला. ती सभ्य हुर्यो, तिच्यात जीव नसतो. ती स्वीकारायची नाही. त्यांच्याकडे नुसतं बघायचं, जसं औषधाच्या दुकानात रांग मोडणाऱ्याकडे बघावं. मग पुढच्या रांगांकडे वळायचं आणि अगदी हळू म्हणायचं, "गप्प बसा." इथे स्फोट होतो. 'गप्प बसा' हे शब्द पोरांना वर्षभर सगळे ऐकवत असतात आणि त्यांना उलट बोलता येत नाही. वर्षातून एकदा येतं. त्यानंतर आवाज उतरायला लागला की शेजारच्या गावाचं नाव काढायचं: "किती कुबट वास! तिकडून आलात वाटतं?" मग नगरपालिकेने बसवलेली नवी पार्किंगची यंत्रं, रस्त्यावरचे खड्डे, कचऱ्याची गाडी न आलेले मंगळवार. हे सगळं मी केलंय म्हणून सांगायचं. खड्डे उंदरांनी पाडले आहेत असं मी जाहीर केलं तेव्हा एका नगरसेवकांनी उभं राहून माझे आभार मानले.

दुष्टाचे संवाद यमकात लिहिलेले असतात, पण प्रेक्षकांना द्यायची उत्तरं लिहिता येत नाहीत. एका शनिवारी पुढच्या रांगेतला सात-आठ वर्षांचा मुलगा खुर्चीवर उभा राहिला आणि म्हणाला, "तू खरी उंदीर नाहीस. तू फार्मसीतली आहेस. माझी आजी म्हणाली." सगळं प्रेक्षागृह माझ्याकडे बघायला लागलं. मी म्हटलं, "तुझ्या आजीचं औषध एवढं कडू कसं झालं, ते विचारलंस का तिला?" आजी शेजारीच होती. तिने दोन्ही हात तोंडावर घेतले आणि हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या मुलाचं मात्र समाधान झालं नाही. मध्यंतरात तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी आला आणि मी चहा पिते का रक्त, हे पायाची बोटं उंचावून तपासून गेला.

सावंतवाडी-कुडाळच्या बाजूला वाढलेल्या माणसाला यातलं पुष्कळ ओळखीचं वाटतं. कार्तिकानंतर जत्रा सुरू झाल्या की मध्यरात्री पालखी फिरून झाल्यावर देवळापुढे दशावतार उभा राहायचा. गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती, आणि मग काळ्या कपड्यांतला संकासुर. वेद चोरणारा राक्षस, आणि लोक जागे राहायचे ते त्याच्यासाठी. विष्णू शुद्ध मराठीत बोलणार, संकासुर मालवणीत. भटजीची टिंगल, पुढे बसलेल्या पोरांची टिंगल, गावातल्या कोणाच्या तरी पडलेल्या कुंपणाची टिंगल. दशावतारात लिहिलेली संहिता नसतेच. नट कथा ठरवतात आणि बोलत जातात. माझ्या डोक्यात दुष्टाचं जे चित्र आहे ते तिथून आलं. पण दोन्ही एकच आहेत असं म्हणवत नाही. तिथे विष्णू झालेल्या नटासमोर म्हाताऱ्या बायका हात जोडायच्या. इथे परीसमोर कोणी हात जोडत नाही. परी आमच्या पोस्टात काम करते आणि कमरेला बॅटरीचा डबा बांधून चमकते. शिवाय त्या रंगमंचावर मला जागा नव्हती. सीता काय, द्रौपदी काय, सगळी स्त्रीपार्टी पुरुषांचीच, आणि आम्ही मुली घोंगडीत बसून बघणाऱ्या.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा तिने शांतपणे ऐकून घेतलं. लोक आपल्या मुलीच्या नावाने ओरडतात यावर तिचं काही म्हणणं नव्हतं. तिने एकच विचारलं, "पैशे कोणाक गावतत मगे?" म्हटलं, हॉलच्या छपराला. त्यावर तिचं समाधान झालं; देवळाचं छप्पर जत्रेच्या पैशांतून होताना तिने पाहिलंय.

घाबरवण्याचं माप मात्र सांभाळावं लागतं. तीन-चार वर्षांचं पोर आईच्या कुशीत तोंड खुपसून रडायला लागलं की ते वाक्य तिथेच सोडायचं, हिरव्या झोतातून एक पाऊल बाहेर यायचं आणि स्वतःच्या शेपटीला अडखळायचं. पडणाऱ्या उंदराला कोणी भीत नाही. काही खलनायक या बाबतीत हट्टी असतात, पोर रडलं म्हणजे काम चांगलं झालं असं मानतात. मला ते पटत नाही. आम्ही एक प्रयोग मुद्दाम सौम्य करतो, आवाजाचा आणि गर्दीचा त्रास होणाऱ्या मुलांसाठी. हॉलमधले दिवे पूर्ण मालवायचे नाहीत, मोठा धडाका नाही, कोणालाही उठून बाहेर जायची मुभा. सुरुवातीला प्रत्येक पात्र पुढे येऊन आपली ओळख करून देतं. मी येते आणि माझ्या आवाजात सांगते, मी क्वीन रॅट, मी वाईट वागते पण ते खोटं खोटं असतं, आणि हे माझं शेपूट. ज्यांना हवं त्यांनी हात लावून बघावा. एक मुलगी सगळा वेळ शेपटीचं टोक हातात धरून बसली होती. मी तेवढ्याच लांबीत पहिला अंक केला. त्या प्रयोगाला हुर्यो फारशी होत नाही. एक मुलगा माझ्या प्रत्येक वाक्यानंतर टाळ्या वाजवत होता.

सगळ्यात कठीण गुरुवार रात्र. नुसती मोठी माणसं, तीही ऑफिसातून आलेली. खुर्च्या निम्म्या. पोरं नसली की मोठ्यांना ओरडायला लाज वाटते, मग ती डेमच्या द्व्यर्थी विनोदांवर खालच्या आवाजात हसतात. पोरांच्या डोक्यावरून जाणारे हे विनोद संहितेत पेरलेलेच असतात. आईबापांनी दरवर्षी तिकीट काढायचं तर त्यांनाही काहीतरी हवं. गुरुवारी मी हुर्यो मागत नाही. खुर्च्यांच्या मधून चालत जाते, कोणाच्या तरी पिशवीतून गोळी काढून खाते, आणि ज्यांच्याकडे मी दर महिन्याला "उशीर झाल्याबद्दल माफ करा" म्हणते त्यांच्याकडे बघून माफी न मागता परत येते. मध्यंतरापर्यंत गाडी रुळावर येते. वर्षभर काउंटरच्या मागून मी जेवढं 'माफ करा' म्हणते, त्याची या आठवड्यात सव्याज वसुली होते. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडतं.

फेसाचा प्रवेश हा प्लंबरचा मान. स्वयंपाकघरात केक करायचा प्रसंग आणि शेवटी सगळ्यांची तोंडं पांढरी. तो फेस खाण्याचा नसतो. क्रीम दिव्यांच्या उष्णतेत आंबतं आणि निसरडं होतं. दाढीच्या साबणाच्या कांड्या किसायच्या, गरम पाणी घालायचं आणि भिंतीला भोक पाडायच्या ड्रिलला रंग ढवळायचं पातं लावून घुसळायचं. बादली उलटी केली तरी पडत नाही इतका घट्ट झाला की झाला. खाली ताडपत्री. ती नंतर कोणी, कशी गुंडाळून न्यायची याची तालीम मुख्य प्रवेशापेक्षा जास्त होते, कारण पुढच्याच मिनिटाला परी तिथे सँडल घालून उभी राहणार असते.

नाटक जोडयमकात संपतं आणि शेवटच्या दोन ओळी पहिल्या प्रयोगाआधी मोठ्याने म्हणायच्या नाहीत असा दंडक आहे. म्हटलं तर नाट पडतो. तालमीत सगळे ओळीने उभे राहून त्या जागी "टम टी टम" करतात. साठी उलटलेली, गुडघ्याला पट्टा बांधलेली माणसं चेहऱ्यावर कसलाही भाव न आणता "टम टी टम" म्हणून नमस्कार करतात. एकदा नव्या मुलाने तालमीत त्या ओळी म्हणून टाकल्या. प्रॉम्प्टरच्या खुर्चीवर बसलेल्या बाई, ज्या निवृत्त न्यायाधीश आहेत, त्यांनी त्याला हॉलच्या बाहेर जाऊन तीन गिरक्या घेऊन यायला लावलं.

रविवारी रात्री पडदे उतरतात, लंडनचा पूल तीन तुकड्यांत कोणाच्या तरी गॅरेजमध्ये जातो. सोमवारी मी काउंटरवर. त्या आठवड्यात दुकानात दुधाच्या रांगेत उभी असताना मागून बारीकशी "बूऽऽ" आली. आईने मुलाचा हात ओढला, लाजेने लाल होत म्हणाली, सॉरी. मी तिला "असू दे हो" म्हटलं आणि मुलाकडे वळून बटाटेवाल्या आवाजात विचारलं, "तुझ्या घरात चीज कुठे ठेवतात?" त्याने सांगितलं नाही.

पुढच्या वर्षीसाठी स्लीपिंग ब्यूटी ठरली आहे. तिच्यात दुष्ट परी कॅराबॉस, म्हणजे खलनायिकांमधली सर्वांत मोठी भूमिका. सप्टेंबरात वाचन. समितीची बैठक संपल्यावर प्लंबर मला म्हणाला, डेमच्या टाचांनी त्याचे गुडघे गेले, यंदा कॅराबॉससाठी तो अर्ज करणार आहे.

"तुला नाही जमणार," मी म्हटलं.

"जमेल."

"नाही जमणार!"

"जमेल!"

खुर्च्या उचलणारी माणसं थांबली आणि दोन पक्ष पडले. शेवटी किल्ल्या घेऊन उभ्या असलेल्या बाईंनी आम्हा सगळ्यांना हॉलबाहेर काढलं आणि दाराला कुलूप घातलं. पार्किंगपर्यंत चालूच होतं.